निरोप आला, पण घ्यायला कुणी नाही



आमच्या घरात मधल्या दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघा आहेत. दिवाळीच्या पाडव्याला पोरांना चौकटीला पाठ टेकून उभं करायचं, डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि रेघ ओढायची, हा आमच्या मामंजींचा रिवाज. माझ्या दोन्ही मुलांच्या रेघा वर सरकत गेल्या. धाकट्या जावेच्या मुलीच्या रेघा मात्र एकमेकींना चिकटायला लागल्या. तीन दिवाळ्यांच्या तीन रेघा चार बोटांत मावल्या. पोरगी हुशार, पाढे तोंडपाठ, गालांनी गुबगुबीत, आवाज बारीक. सहावीत गेली तरी पहिलीतल्या मुलींच्या रांगेत खपून जायची.

सासूबाईंचं म्हणणं एकच. हिनं पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही, विळी हातात घेतली. जाऊ गप्प बसायची. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. आमच्या दिरानं मामाचीच मुलगी केलेली. आत्यापुढं काय बोलणार? तालुक्यातल्या एका डॉक्टरानं पाच वर्षं टॉनिकच्या बाटल्या दिल्या. आम्हीही दिल्या. त्या पाच वर्षांची हळहळ मला अजून आहे, म्हणून आजच्या भाषणाला हा विषय घेतला.

मूल का वाढतं, याचा शोध फार जुना नाही. आपल्या मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पियुषिका म्हणतात, डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. वाढीचं हार्मोन, म्हणजे ग्रोथ हार्मोन, तिथं तयार होतं. १९५८ साली अमेरिकेत मॉरिस राबेन या डॉक्टरांनी मेलेल्या माणसांच्या पियुषिकेतून हे हार्मोन काढून एका वाढ खुंटलेल्या मुलाला टोचलं आणि मुलगा वाढू लागला. पण हे औषध मिळणार मृतदेहांतून, आणि एका मुलाला पुरवायचं तर कितीतरी पियुषिका लागणार. पुढे कळलं की त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार लागला. १९८५ साली अमेरिकेत ते बंद झालं आणि त्याच वर्षी कारखान्यात जिवाणूंकडून बनवलेलं हार्मोन आलं. आज टोचतात ते हेच. त्याला मृतदेह लागत नाही.

रक्तातलं हार्मोन मोजता येतं ते एका बाईमुळे. रोझलिन यालो हे तिचं नाव. रक्तात चिमूटभरसुद्धा नसलेली वस्तू मोजण्याची रीत तिनं सहकाऱ्याबरोबर शोधली आणि १९७७ साली तिला नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्याच पारितोषिकात रॉजर गिलेमिन वाटेकरी होते. पियुषिकेलासुद्धा वरून हुकूम येतो, तो मेंदूतून, हे दाखवणाऱ्यांपैकी ते एक. वाढीचा हुकूम नेमका कोणता, हे मात्र १९८२ साली सापडलं, तेही मेंदूत नाही. दोन रुग्ण अवाढव्य वाढत होते. त्यांच्या स्वादुपिंडातल्या गाठी हाच हुकूम भलत्या ठिकाणी बनवत होत्या. त्या गाठींतून तो वेगळा काढला गेला.

आता गोष्ट अशी. मेंदू निरोप धाडतो, रक्तातून तो पियुषिकेपर्यंत येतो. पण पेशी म्हणजे काही उघडं अंगण नाही. तिच्याभोवती पडदा असतो, स्निग्ध पदार्थाचा, तेलाच्या पातळ थरासारखा. असा निरोप त्यातून आत जात नाही. त्याला पडद्यावर कुणीतरी घ्यावा लागतो. या घेणाऱ्याला रिसेप्टर म्हणतात.

तो कसा असतो हे सांगायला मला गोधडी बरी वाटते. धावदोरा घालताना सुई वरून खाली, खालून वर जाते. या रिसेप्टरचा दोरा पेशीच्या पडद्यातून असाच सात वेळा आरपार जातो. दोऱ्याचं एक टोक बाहेर राहतं, ते निरोप पकडतं. दुसरं टोक आत राहतं. बाहेर निरोप बसला की सातही टाके जरासे सरकतात आणि आतल्या टोकाशी असलेली यंत्रणा जागी होते. निरोप स्वतः आत जात नाही. बाहेर ओढ बसते, आत हलतं. मग पेशी ग्रोथ हार्मोन सोडते. मुलं गाढ झोपेत असताना ते सगळ्यांत जास्त सुटतं. आपल्या आज्या मुलांना लवकर झोपवायच्या, त्यात काही चूक नव्हती.

या रिसेप्टरचं जनुक १९९२ साली हाती लागलं. त्याच्या आधीपासून अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळेत एक उंदरांचं कूळ होतं. त्याचं नाव 'लिटल', म्हणजे छोटा. १९७६ साली त्याची नोंद झाली होती. उंदीर जन्मतो ठीक, पण पुढे निम्म्यावर राहतो. १९९३ साली कळलं की त्याच्या रिसेप्टरच्या दोऱ्यातला साठावा मणी बदललेला आहे. प्रथिनाचा दोरा मण्यांनी ओवलेला असतो, असं समजा. गंमत अशी की या उंदराचा रिसेप्टर तयार होतो, पडद्यापर्यंत नीट पोचतो, सातही टाके जागच्या जागी बसतात. फक्त बाहेरच्या टोकाला निरोप बसत नाही. काज शिवलंय, पण बटण शिरत नाही. हे १९९९ साली प्रयोग करून सिद्ध झालं.

माणसात असा बिघाड पहिल्यांदा सापडला १९९६ साली, आणि तो सापडला आपल्याच देशातल्या एका घराण्यात. कुटुंब मूळ भारतीय, नात्यात लग्नं झालेली, त्यातल्या किमान दोघांची वाढ खुंटलेली. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी त्यांचं जनुक वाचलं. माणसाच्या या रिसेप्टरमध्ये ४२३ मणी असतात. या घराण्यात बहात्तराव्या मण्याच्या जागी 'थांबा' अशी खूण आली होती. जनुकाच्या अक्षरांत 'जी' हवा तिथं 'टी' पडला होता. एका अक्षराचा फरक. बहात्तरावा मणी म्हणजे दोऱ्याचं बाहेरचं टोक, पहिला टाका घालायच्याही आधीचं. गोधडीत सुई शिरण्यापूर्वीच दोरा तुटला. पडद्यावर काहीच नाही. मेंदू निरोप धाडतोय आणि घ्यायला कुणी नाही. रोज निरोप मिळत नसल्यानं ग्रंथीसुद्धा भरत नाही, तपासणीत बारकी दिसते.

नंतर हाच तुटलेला दोरा सापडत गेला. शिकागोतले गेरहार्ड बाउमन आणि हिरालाल माहेश्वरी यांनी पाकिस्तानातल्या सिंधमधल्या, शेजारशेजारच्या दोन गावांतल्या अठरा जणांचा अभ्यास केला आणि १९९८ साली तो सविस्तर छापला. तिथले मोठे पुरुष सरासरी १३० सेंटीमीटर, म्हणजे सव्वाचार फुटांचे. श्रीलंकेतल्या एका तमिळ कुटुंबातही नेमका तोच बदल निघाला. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, दोरा मात्र त्याच मण्याला तुटलेला.

आणि मुंबई. परळमध्ये गिरणगावाच्या मधोमध बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आहे, १९२९ साली वाडिया घराण्यानं उभं केलेलं. तिथं डॉ. मीना देसाई यांनी लहान मुलांच्या हार्मोनच्या आजारांचं काम उभं केलं. आपल्याकडे असा काही विभाग असतो हे ठाऊक नसण्याच्या काळातलं हे काम. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन खुजी मुलं घेऊन आईबाप त्यांच्याकडे यायचे. त्यांनी या घराण्यांची नोंद ठेवली, आणि जपानमधल्या संशोधकांबरोबर त्यांच्या रक्तातली जनुकं तपासली. २००४ आणि २००५ साली हे काम छापून आलं. निष्कर्ष असा: पश्चिम भारतात जिथं एकाच घरात एकापेक्षा जास्त मुलांना ग्रोथ हार्मोन कमी असतं, तिथं मुख्य कारण हाच बहात्तराव्या मण्याचा बदल.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती मला फार आवडली. त्या जनुकाच्या शेजारी काही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, लुगड्याच्या काठावरच्या नक्षीसारखी. कुणाच्या काठावर फुलं दहा, कुणाच्या पंधरा. वेगवेगळ्या घराण्यांत दोरा वेगवेगळ्या वेळी तुटला असता तर काठही वेगवेगळे निघाले असते. इथं काठ जुळत होता. म्हणजे कधीकाळी एका माणसात हा बदल झाला आणि त्या एका पूर्वजाकडून तो इतक्या घरांत उतरला. तो पूर्वज पुरुष होता की बाई, कोणास ठाऊक. स्वतः तो चांगला उंचापुरा असणार, कारण आईकडून आलेली एक प्रत बिघडली आणि बापाकडून आलेली चांगली असली तर काम भागतं. दोन्हीकडून बिघडलेली आली तरच मूल वाढत नाही.

इथं आपल्या लग्नांची गोष्ट येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठं पुस्तक लिहिलं. मराठी मुलखात पुरुषानं मामाची मुलगी करणं पसंत असतं, आत्याची मुलगी केलेली चालत नाही, हे त्यांनी नोंदवलं आहे. आपल्याला ते पुस्तकात वाचायची गरज नाही म्हणा. दौंड-शिरूरच्या कुठल्याही लग्नाच्या मांडवात उभं राहिलं की दिसतं. मी या लग्नांची निंदा करायला उभी नाही. त्यात मुलगी ओळखीच्या घरात जाते, जमीन तुटत नाही, आणि बहुतेक जोडप्यांची मुलं धडधाकट असतात. पण एका आजोबांकडची बिघडलेली प्रत मुलाकडे आणि मुलीकडे गेली, आणि पुढे त्यांच्या मुलांचं आपसात लग्न झालं, तर दोन बिघडलेल्या प्रती एका पाळण्यात भेटायची शक्यता वाढते. दोघांकडे प्रत असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक. अर्धी प्रत आईची, अर्धी बापाची. दोष एकट्या आईला देता येईल अशी जागाच या हिशेबात नाही.

आणि ग्रहणाचं म्हणाल तर हे मूल जन्मतं तेव्हा साधारण इतरांएवढंच असतं. पोटातली वाढ या हार्मोनवर अवलंबून नसते. आईनं काय खाल्लं, कुठली विळी धरली, याचा इथं संबंध येतच नाही. फरक दिसू लागतो तो नंतर, पहिल्या वर्ष-दोन वर्षांत.

ब्राझीलमध्ये इताबायानिन्या नावाचा एक खेडवळ भाग आहे. तिथं याच रिसेप्टरचा बिघाड आहे, पण दोरा दुसऱ्या जागी तुटलेला. कारण तिथंही तेच, पिढ्यान्‌पिढ्या नात्यात लग्नं. शंभरावर माणसं. मानुएल आगियार-ओलिव्हेरा या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं केला. ही माणसं इतरांइतकीच जगतात, त्यांची बुद्धी शाबूत असते, बायकांना मुलंही होतात. म्हणजे उपचार मिळाला नाही म्हणून आयुष्य संपलं असं नाही. ते काम करतात, बाजार करतात. खुजेपणाला रोग म्हणायचं की नाही, यावर मी अजून माझ्याशीच भांडते. पण बसच्या दांड्याला हात पोचत नाही, गॅसच्या ओट्याला पोचत नाही, आणि पोरं मागून हाका मारतात, तेव्हा ज्याचं त्यानं ठरवावं. ठरवायला वेळ मात्र हातात हवा.

तुटण्याचे प्रकार अनेक आहेत, फक्त याच एका रिसेप्टरचे नाहीत. बीजकोशावरही एक रिसेप्टर असतो, तोही सात टाक्यांचा. मासिक पाळी सुरू व्हायला लागणारा निरोप तो घेतो. १९९५ साली फिनलंडमध्ये काही मुलींत त्याचा एक मणी बदललेला सापडला. त्यांना पाळी नीट आलीच नव्हती. पुढच्या प्रयोगांत दिसलं की तो रिसेप्टर बनतो, पण घडी नीट बसत नाही, आणि बहुतेक सगळा पेशीच्या आतच अडकून राहतो. पेशीत माल तपासणारी व्यवस्था असते. वाकडातिकडा माल ती पडद्यापर्यंत जाऊच देत नाही. आपल्याकडे परळलाच, राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत, डॉ. स्मिता महाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रिसेप्टरवर काम केलं आहे. २०१५ साली त्यांनी दोन बदलांचा अभ्यास छापला. त्यातला एक पाळी न आलेल्या बाईत सापडला होता आणि तो रिसेप्टरला लुळा करणारा होता. दुसरा उलट, जास्त तडफदार करणारा. ज्या मुलीला पाळी येत नाही तिच्या नावानं गावात काय काय बोललं जातं, ते मी रेडिओवर सांगत नाही.

आता आपल्या चौकटीकडे येऊ. आपल्या भागातली बहुतेक बुटकी मुलं या आजाराची नसतात. कुणी अन्न कमी पडल्यानं खुरटलेलं असतं, कुणाचे आईबापच बुटके असतात, कुणाचं थायरॉईड कमी असतं. अन्न कमी पडलेलं मूल हडकुळंही दिसतं. हार्मोन कमी असलेलं मूल कमरेला, गालाला भरलेलं असतं, म्हणून आजी म्हणते, "खातंय-पितंय, काय झालंय त्याला?" आमच्या घरात हेच झालं. नुसती उंची बघून कळत नाही. वर्षात किती वाढलं ते बघावं लागतं. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. ४ पेक्षा कमी वाढलं तर डॉक्टरांना दाखवावं. भारतीय मुलांसाठीचे उंची-वजनाचे तक्ते २०१५ साली नव्यानं आले. ते बनवण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि अनुराधाताई खाडिलकर पुढे होते. डॉक्टरांना सरळ विचारा, या तक्त्यावर माझं लेकरू कुठं बसतं? अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीचं पथक येतं, तेव्हाही वजनाबरोबर उंची लिहून घ्यायला सांगा, आणि मागच्या वर्षीची पुढे करा.

मोठ्या दवाखान्यात डाव्या हाताचा एक्स-रे काढतात. त्यावरून हाडांचं वय कळतं, म्हणजे वाढीला अजून किती जागा आहे ते. ग्रोथ हार्मोन रक्तात उचक्यांनी येतं, म्हणून एकदा रक्त घेऊन भागत नाही, औषध देऊन ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. पोरीचा दिवस उपाशी जातो, डबा बरोबर ठेवा. या तुटलेल्या दोऱ्यावर उपाय आहे तो असा: निरोप घेणारा नाही तर नाही, हार्मोनच बाहेरून टोचायचं. ते पुढे हाडांपर्यंत जातं आणि तिथले रिसेप्टर शाबूत असतात. म्हणून मूल वाढतं. दुसऱ्या एका आजारात, ज्याला लॅरॉन यांचं नाव आहे, पुढचाच रिसेप्टर बिघडलेला असतो. तिथं हेच इंजेक्शन वाया जातं. दिसायला दोन्ही मुलं सारखीच. तपासणीशिवाय इंजेक्शन सुरू करू नये ते याचसाठी.

इंजेक्शन रोजचं, वर्षानुवर्षं, आणि महाग. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात, तपासणीनं सिद्ध झालेल्या ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेवरच्या उपचाराचा उल्लेख आहे. धोरणानं नेमलेल्या केंद्रांत परळचं केईएम रुग्णालय आहे. कागद लागतात, हेलपाटे पडतात, पण दार आहे एवढं ठाऊक असू द्या. आणि हाडांच्या टोकाची वाढीची जागा वयात आल्यावर बंद होते. नंतर कितीही टोचलं तरी उंची वाढत नाही.

आमची पोरगी तेरावं लागल्यावर गेली. दौंडहून पहाटेची गाडी, दादरला उतरून परळ. जाऊ, मी आणि सासूबाई. सासूबाई हट्टानं आल्या होत्या, नातीला सुई टोचतात कशी ते बघायला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि घराण्याची माहिती विचारायला लागल्या. पुरुष असेल तर चौकोन काढायचा, बाई असेल तर गोल. नात्यातलं लग्न असेल तिथं दुहेरी रेघ. आमच्या दिराच्या चौकोनापासून जावेच्या गोलापर्यंत त्यांनी दुहेरी रेघ ओढली. मला आणि जावेला आजोबांच्या पुढं कुणाचं नाव येईना.

सासूबाईंना आली. माहेरच्या पाच पिढ्या त्यांनी बसल्या जागी सांगितल्या, कोण कुठं दिली, कुणाला किती मुलं, कोण तान्हेपणी गेलं. डॉक्टरीणबाईंचा कागद पुरेना, त्यांनी दुसरा चिकटवला. मग सासूबाई थांबल्या. म्हणाल्या, "माझ्या बापाची एक बहीण होती. गिड्डी आत्या म्हणायचे सगळे. लग्न नाही झालं तिचं. शेरडं राखायची. आमच्या कमरेला लागायची, पण आम्हा पोरींना सगळ्या ओव्या तिनंच शिकवल्या. म्हातारी होऊन गेली."

"तिचं नाव काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी नाव सांगितलं. घरात ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टरीणबाईंनी वरच्या ओळीत एक गोल काढला, पेनानं काळा भरला, आणि खाली आमच्या पोरीचा गोलही भरला. सासूबाई त्या दोन गोलांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग जावेच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.